काळं फासलेला टायर

डोंगरावरून खाली येताना माणूस पडला, तर दोष कुणाचा, हा प्रश्न मानवजातीपुढे फार जुना आहे. डोंगराला द्यावा, तर तो आधीपासून तिथेच होता. गुरुत्वाकर्षणाला द्यावा, तर ते शेजाऱ्यालाही तेवढंच लागू असतं, आणि शेजारी तर उभा आहे. राहता राहिला पडणारा. पण तो त्या वेळी कण्हत असल्यामुळे त्याची बाजू नीट ऐकून घेता येत नाही. या नैतिक पेचातून माणसाला सोडवण्यासाठी टायरचा शोध लागला. (चाकाचा त्याआधीच लागला होता, पण चाक बदलणं खर्चाचं पडतं.)

ट्वीड नदीच्या खोऱ्यातल्या किलब्रे गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गावामागे डोंगर आहे, डोंगरावर पाइनचं रान आहे, रानात उघडी पडलेली मुळं आहेत आणि मुळांवर पाऊस आहे. अशा ठिकाणी लोक एरवी मेंढ्या पाळतात. किलब्रेतही पाळायचे. आता डोंगरी सायकली पाळतात. फरक म्हणाल तर मेंढी वर्षातून एकदा लोकर तरी देते.

या सायकलवाल्यांचे पंथ दोन. डाउनहिलवाले गाडीत बसून वर जातात आणि सायकलवर बसून खाली येतात. एन्ड्युरोवाले वरही सायकलनेच जातात. मात्र चढताना घड्याळ लावत नाहीत आणि कण्हायला पूर्ण मुभा असते. दोन्ही पंथांत रोटीव्यवहार आहे, बेटीव्यवहारही झालेला आहे, पण टायरव्यवहार नाही. डाउनहिलवाल्याला एन्ड्युरोवाल्याचा टायर सिगारेटच्या कागदासारखा पातळ वाटतो, आणि एन्ड्युरोवाल्याला डाउनहिलवाल्याचा टायर ट्रॅक्टरवरून उतरवल्यासारखा दिसतो. (दोघांचंही म्हणणं बरोबर आहे.)

डोंगराच्या पायथ्याशी गाडीतळ आहे. सकाळी तिथे माणसं भेटतात तेव्हा हात मिळवत नाहीत. समोरच्याच्या पुढच्या टायरवर अंगठा दाबतात, डोळे मिटतात आणि "हं" म्हणतात. हा "हं" कोणत्या सुरात आला, यावर बिचाऱ्याचा दिवस कसा जाणार ते ठरतं.

"किती हवा आहे?"

"बावीस."

"पुढे बावीस? अरे, घरी बायकामुलं आहेत ना तुला?"

"तुझी किती?"

"साडेएकवीस."

एवढ्यावरून दोन सख्ख्या साडूंमधलं बोलणं एकदा पाच महिने बंद होतं.

किलब्रे डोंगरी सायकल मंडळाने मध्यंतरी एक पाहणी केली. पडलेल्या शंभर सभासदांपैकी शहाण्णव जणांनी दोष टायरला दिला, तिघांनी हवेच्या दाबाला, आणि एकाने स्वतःला. (तो पुढे बुद्धिबळाकडे वळला.) या पाहणीचं काम मंडळाचे अध्यक्ष गिडियन टर्नबुल यांनी विनामूल्य केलं. गावातलं टायरचं एकमेव दुकानही त्यांचंच. दोन्ही पदांची सरमिसळ होऊ नये म्हणून ते फार जपतात: अध्यक्ष म्हणून बोलताना निळी टोपी घालतात, दुकानदार म्हणून बोलताना तपकिरी. दोन टोप्यांचं एकमेकींशी पटत नाही असं अजून तरी कधी झालेलं नाही.

अशा या गावात निनियन लेडलॉ हा दंतवैद्य राहत होता, आणि तो संकटात होता.

संकट मंडळाच्या चौदाव्या नियमाचं होतं. जो सभासद शरदातल्या वार्षिक शर्यतीत लागोपाठ चार वर्षं एकाच जागी पडेल, त्याचं आडनाव त्या जागेला कायमचं देण्यात येईल, असा तो नियम. नियमामागचा हेतू उदात्त आहे. पडणाऱ्याचं काही तरी राहावं. आजवर दोन जागांना हा मान मिळाला आहे. एका खड्ड्याला माजी पाद्रीबाबांचं नाव आहे (त्यांनी प्रत्येक वेळी पडल्यावर देवाचे आभार मानले, फक्त चौथ्या वेळी आवाज थोडा लहान होता), आणि एका ओढ्याला मिसेस ॲबरनेथींचं. नाव एकदा लागलं की पाटी ठोकतात, नकाशावर छापतात, आणि रुग्णवाहिकेचे लोकही तेच वापरतात. "ॲबरनेथीत एक जण पडलाय, स्ट्रेचर घ्या," असं ते मोकळेपणाने बोलतात. मिसेस ॲबरनेथी आता दुसऱ्या गावी राहतात.

निनियन वरून तिसऱ्या वळणावर तीन वर्षं पडला होता. तिथे एक म्हातारं पाइनचं झाड आहे आणि त्याच्या मुळांचं जाळं वाटेवर पसरलेलं आहे. चौथी शर्यत तोंडावर आली होती. लेडलॉ घराण्याने पाचशे वर्षं शेजाऱ्यांची गुरं पळवून या खोऱ्यात जे नाव कमावलं होतं, ते एका चिखलाच्या वळणाला जाणार, एडिनबरोहून आलेली कुणीही पोरं "मी काल लेडलॉवर आपटलो" असं म्हणणार, या विचाराने त्याला जेवण जाईना.

"दवाखान्याच्या पाटीवर लेडलॉ, आणि चिखलाच्या पाटीवरही लेडलॉ," त्याची बायको एल्स्पेथ म्हणाली. "लोकांना पत्ता सांगायला किती सोपं होईल."

"तुला चेष्टा सुचतेय."

"मग शर्यतीत उतरू नकोस."

"उतरलो नाही तर लोक म्हणतील घाबरला."

"घाबरला आहेसच."

"हो, पण ते लोकांनी म्हणायचं कशाला?"

यावर उपाय एकच होता, आणि निनियन तोच गेली तीन वर्षं करत आला होता: योग्य टायरची निवड. तो शास्त्रीय वृत्तीचा माणूस. मऊ रबर मुळांना चिकटतं पण झिजतं. कडक रबर टिकतं पण निसटतं. म्हणून पुढे मऊ आणि मागे कडक लावावा, असं एक मत आहे. पुढचा झिजला की मागे न्यावा, असं दुसरं. आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांना ओटीवरून माजघरात हलवतात, त्यातलाच प्रकार. बाजू पातळ असली तर दगडाने फाटते, जाड असली तर चढताना आपण फाटतो. टायरवरचे रबरी दाते उंच हवेत की बुटके, लांब लांब हवेत की दाटीवाटीने, यावर तर निनियनचा व्यवसायानेच अधिकार होता. रुग्णाच्या तोंडात आरसा धरूनही त्याच्या मनात तेच चाललेलं असे. टायरची फाटलेली बाजू तो दवाखान्यातल्या दोऱ्याने, दातांच्या फटी साफ करतात त्या मेणाच्या दोऱ्याने, स्वतः टाके घालून शिवायचा. टाके नामी पडायचे. एवढं सगळं करून तो तिसऱ्या वळणावर पडला की तो टायर दोषी ठरायचा आणि त्याच संध्याकाळी घराबाहेर जायचा. एल्स्पेथ ते टायर चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत नेऊन मांडायची. लोक गुलाबाच्या वाफ्याभोवती लावायला घेऊन जायचे.

शर्यतीच्या महिनाभर आधी गावची लेक इशबेल रदरफर्ड घरी आली. जगभरच्या उतारांवर नंबर काढणारी ही मुलगी सुट्टीत सरावाला म्हणून किलब्रेच्या डोंगरावर दिसू लागली, आणि पहिल्याच सकाळी गाडीतळावर कुणाच्या तरी ध्यानात आलं की तिच्या टायरवरचं नाव काळं केलेलं आहे.

आता, या खेळात ही रीत जुनीच. खेळाडू ज्या कंपनीचं मीठ खातो, तिचा टायर चिखलात टिकेना झाला, की तो गुपचूप दुसऱ्या कंपनीचा चढवतो आणि त्यावरच्या नावाला काळं फासतो. हे पैसे देणाऱ्या कंपनीला माहीत असतं. दुसऱ्या कंपनीला माहीत असतं. प्रेक्षकांनाही माहीत असतं. सगळे मिळून न बघायचं ठरवतात. याला व्यावसायिक नीतिमत्ता म्हणतात.

पण इशबेलने नुसतं नाव खोडलं नव्हतं. बुटाचं काळं पॉलिश दोन्ही बाजूंना जाडच्या जाड थापलं होतं, एक अक्षर दिसू नये म्हणून. त्यावरून गावाने अनुमान काढलं, आणि ते तर्काला धरूनच होतं: जितकं जाड पॉलिश, तितका चांगला टायर.

दोन दिवसांत किलब्रेत काळं पॉलिश मिळेनासं झालं. ज्याला त्याला आपल्या टायरला काळं फासायचं होतं. नाव झाकलेला टायर नाव दिसणाऱ्या टायरपेक्षा जास्त पकड देतो, असा अनुभव अनेकांनी सांगितला. (अनुभव गाडीतळावर उभ्या उभ्या आलेला होता.) गिडियनने तपकिरी टोपी घालून दुकानात "काळा टायर" हा नवा प्रकार विक्रीला ठेवला, काळं करण्याची मजुरी वेगळी. आठवड्याभरात दुकानातले सगळेच टायर काळे झाले आणि कोणता कुठला हे खुद्द गिडियनला कळेना. तेव्हा गिऱ्हाइकं वास घेऊन निवडू लागली.

"हा कोणता?"

"काळा."

"तो दिसतोय. कोणता?"

"ते कळलं असतं तर काळा कशाला केला असता, बाबा?"

या उत्तरात काही तरी खोल आहे असं वाटून गिऱ्हाईक दोन घ्यायचं.

निनियनला या नकलांत रस नव्हता. त्याला मूळ टायर हवा होता. आणि शर्यतीच्या आठवड्यातच इशबेलची दाढ दुखायला लागली. निनियनने हा देवाचा हात मानला. दुखणाऱ्या दाढेबद्दल कुणा दंतवैद्याला इतकी कृतज्ञता आजवर वाटली नसेल.

"आ कर," तो म्हणाला. तिने केला. त्याने आरसा, नळी आणि कापसाचे दोन बोळे आत सारले, आणि मग उठून दार लावून घेतलं.

"इशबेल, तो पुढचा टायर मऊ रबराचा का?"

"आँ."

"मऊ. वाटलंच होतं. बाजू जाड?"

"आँ आँ."

"दुपदरी! आणि हवा? बोटं दाखव."

तिने हात हलवून नळीकडे बोट दाखवलं. निनियनने एक हा आकडा मनात नोंदवला आणि तो कशात मिळवायचा याचा विचार करू लागला. (रुग्णाचं असं बोलणं दंतवैद्याला बरोबर कळतं, असा सर्वत्र समज आहे. तो दंतवैद्यांनीच पसरवलेला आहे.)

शेवटी दाढ भरून झाली. इशबेलने चूळ भरली आणि म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही त्या वळणावर का पडता, सांगू?"

"टायर."

"नाही हो. तुम्ही झाडाकडे बघता. माणूस जिकडे बघतो तिकडे सायकल जाते. झाडाकडे बघू नका, एवढंच."

निनियन हसला. इतक्या कमी वयात विषय टाळायची ही सफाई! मोठे खेळाडू उगाच मोठे होत नाहीत.

"बरं, आणि टायर हवेत तर घेऊन जा," ती पुढे म्हणाली. "मी उद्या स्पेनला चाललेय, तिकडे कोरडं आहे. व्हॅनमध्ये पडलेत. पण खरं सांगू का, ते तुमच्याच..."

"शू!" निनियनने हात वर केला. "नाव नको. तुझी भाकरी आहे त्यावर."

"अहो पण, ते मी चर्चच्या..."

"देवाधर्माच्या शपथा पण नकोत. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

इशबेलने तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्याने सवयीने त्यात कापसाचा बोळा ठेवला. मग तिने नाद सोडला. दाढेचे पैसे त्याने घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी त्याने तो टायर पुढच्या चाकावर चढवला. पॉलिशला धक्का लागू नये म्हणून रबरी हातमोजे घालून चढवला. आत भोकं बुजवणारा नेहमीचा पांढरा चीक ओतला, हवा भरली, आणि बाजूवरून बोट फिरवताना एका जागी बारीक, एकसारख्या गाठींची ओळ हाताला लागली. बाजारात मिळणाऱ्या एकाही टायरला अशी ओळ नसते. खास खेळाडूंसाठी केलेली कारखान्याची गुप्त रचना, यात शंका नाही. त्याने डोळे मिटून ती पुन्हा चाचपली. काय सफाई! काय अंतर राखलंय!

"एल्स्पेथ," तो म्हणाला, "हे ज्याने केलंय ना, त्याचा हात नुसता बघत राहावा असा असणार."

"हात धुऊन जेवायला ये," एल्स्पेथ आतून म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी पाऊस होता. (किलब्रेत हे वाक्य लिहायची पद्धत नाही, पाऊस नसेल तर लिहितात.) गाडीतळावर सगळ्यांचे टायर काळे होते. अंगठे दाबले जात होते, डोळे मिटत होते, बोटं काळी होत होती, आणि ती बोटं नाकाला लागून लोक एकमेकांना ओळखेनासे झाले होते. गिडियन निळी टोपी घालून निनियनपाशी आला. काखेत पाटी होती. तीवर पांढऱ्या रंगात, सुबक अक्षरात, "लेडलॉ."

"अरे, आधीच रंगवून आणलीस?"

"नियमाप्रमाणे तयारी ठेवावी लागते. मनाला लावून घेऊ नकोस, लेका."

"आणि मी नाही पडलो तर?"

"तर अजून चार वर्षांनी. रंग टिकाऊ आहे." मग त्याने सवयीने निनियनच्या पुढच्या टायरवर अंगठा दाबला, डोळे मिटले, आणि त्याच्या तोंडून जो "हं" निघाला तसा त्या गाडीतळावर कुणी ऐकला नव्हता. त्याने डोळे उघडले तेव्हा ते ओलसर होते. "निनियन," तो हळूच म्हणाला, "हा कुठून मिळवलास?"

निनियनने उत्तर दिलं नाही. न देण्यातलं सुख त्याने तीन वर्षांत पहिल्यांदाच घेतलं.

तिसऱ्या वळणावर पन्नासेक माणसं छत्र्या घेऊन उभी होती. शर्यत पूर्ण उताराची असते, पण बघणारे नेहमी त्या एका जागी जमतात. एल्स्पेथने तिथेच चर्चच्या मदतीसाठी कोंबडीच्या सुपाचं टेबल मांडलं होतं.

निनियन सुटला. पहिलं वळण त्याने असं घेतलं की त्याला स्वतःलाच कोण चालवतंय असा प्रश्न पडला. दुसऱ्या वळणावर टायर ओल्या मुळांना असा धरून राहिला, जसं काही त्याला इथली वाट पाठ आहे. निनियनच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिसरं वळण आलं, झाड आलं, आणि ऐन वेळी त्याला इशबेलचे शब्द आठवले: झाडाकडे बघू नका. निनियनने तंतोतंत ऐकलं. त्याने झाडाकडे मुळीच पाहिलं नाही. खाली मान घालून तो मोठ्या कौतुकाने टायरकडे बघत राहिला.

आवाज झाला. पन्नास माणसं धावली.

"दाब, दाब, अजून गरम आहे!"

"ढकलू नका रे, एकेक जण!"

"हं!"

"अरे, मी इकडे आहे," निनियन मुळांमधून म्हणाला.

"हो हो, आलोच," गिडियन अंगठा न काढता म्हणाला.

एल्स्पेथ मात्र सुपाचा डाव हातात घेऊन नवऱ्याकडे आली. "काही मोडलंय?"

"नाही."

"मग ऊठ. झाडाकडे बघितलंस ना?"

"नाही गं. शपथ. अजिबात नाही."

"मग कुठे बघत होतास?"

"टायरकडे."

एल्स्पेथने एक लांब श्वास घेतला आणि तीही टायरकडे वळली. पावसाने आणि पन्नास अंगठ्यांनी एव्हाना बरंचसं पॉलिश उतरलं होतं. ती वाकली. "निनियन, हे टाके कुणाचे?"

"कारखान्याचे. गुप्त रचना आहे."

"कारखान्याचे? याला तुझ्या दवाखान्यातल्या दोऱ्यासारखा पुदिन्याचा वास येतोय. आणि शेवटची गाठ डावीकडे वळवलीये. माझी अक्कलदाढ काढलीस तेव्हा अशीच घातली होतीस. तीन आठवडे जिभेला टोचत होती. मी विसरेन होय?" तिने डावाच्या दांड्याने उरलंसुरलं पॉलिश खरवडलं. "हा तुझाच टायर आहे, राजा. गेल्या वर्षी इथेच पडलास आणि घराबाहेर काढलास. मी चर्चच्या विक्रीत मांडला. इशबेलने मुरंब्याच्या बरणीबरोबर नेला."

पन्नास अंगठे एकदम टायरवरून निघाले. या टायरवरून इशबेल महिनाभर वाऱ्यासारखी उतरली होती, आणि याच टायरवरून निनियन दोनदा एकाच जागी पडला होता. पन्नास माणसं यातून काय निघतं याचा विचार करत होती. काही तरी निघत होतं, हे सगळ्यांना जाणवत होतं, आणि ते फारसं सुखाचं नव्हतं. मिसेस ॲबरनेथींच्या धाकट्या भावाने तर घाबरून सूप मागितलं.

निनियननेच सगळ्यांची सुटका केली.

"म्हणजे टायर चांगलाच होता तर!" चिखलात बसूनच तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "गेल्या वर्षी हवा चुकली असणार."

"किती होती?" गिडियनने विचारलं.

"बावीस."

"बावीस!" पन्नास माणसांनी एकदम सुटकेचा श्वास सोडला. "पुढे बावीस! तरी आम्ही सांगत होतो!"

"आणि आज?"

"आजही बावीस."

मग काय, सगळं स्पष्टच झालं. दोघातिघांनी त्याला हात देऊन उठवलं, पाठ थोपटली, सूप दिलं. गिडियनने निळी टोपी सरळ करून झाडावर पाटी ठोकली. ठोकून झाल्यावर तपकिरी टोपी घातली, टायरवर आता ठळक दिसणारं नाव मोठ्याने वाचलं, आणि कुणाकुणाला किती हवेत ते विचारलं. निनियनने दोन मागितले.

आता एडिनबरोची पोरं खुशाल लेडलॉवर आपटतात. रुग्णवाहिका महिन्यातून दोनदा लेडलॉवर येते. गुरं पळवणाऱ्या पूर्वजांना याबद्दल काय वाटतं ते कळायला मार्ग नाही, पण निनियन पाटीजवळून जाताना आता मान खाली घालत नाही. (घालतो, पण ती टायर बघायला.)

त्या टायरचं नाव या कथेत दिलेलं नाही. देणार होतो, पण मग मनात आलं, गेली काही पानं आपण एका सज्जन माणसाची इज्जत मातीत जाताना बघत होता, आणि आपल्यापैकी कित्येक जण त्या माणसाकडे न बघता नाव कुठल्या ओळीत येतं तेवढंच शोधत होते. अशा वाचकांची मंडळाला गरज आहे. लेडलॉच्या खालचं वळण अजून बिननावाचं आहे, पाटी कोरी आहे, खिळे आणून ठेवलेले आहेत. आपलं आडनाव तेवढं सुवाच्य अक्षरात कळवावं. आणि हवा किती ठेवता, तेही.